साडेसातपर्यंत मौन

गेल्या हिवाळ्यात मी दोन दिवसांच्या एका शिबिराला गेलो आणि जगावं कसं ते शिकून आलो. सोमवारी पहाटेच घरात जाहीर केलं, साडेसातपर्यंत कुणी बोलायचं नाही. चहा शांतपणे, पोहे शांतपणे. घरात माणसं दोनच, मी आणि आई, त्यामुळे 'कुणी' म्हणजे कोण हे आईला लगेच कळलं.

आमची आई उठते ती बोलतच. रात्रीचं स्वप्न, भाजीवाल्याचा आगाऊपणा, मावशीच्या डोक्यातलं नवं खूळ, सगळं पहिल्या चहाबरोबरच यायचं. ती दोन दिवससुद्धा टिकणार नाही, अशी माझी खात्री होती.

आई टिकली. आणखी साखर हवी का, हे ती भुवई उडवून विचारायची. एकदा दूध उतू जायला लागलं तर तिने मला टाळ्या वाजवून बोलावलं. शनिवार पेठेत इतकं शांत घर दुसरं नसेल, असं मी ऑफिसात चारचौघांना ऐकवलंसुद्धा.

दुसऱ्या आठवड्यात निघताना जिन्यात शेजारच्या काकू भेटल्या.

"काय हो, मंगळवारी आईंबरोबर तुम्ही जाताय की मी जाऊ?"

"कुठे?"

"अहो, मोतीबिंदूच्या ऑपरेशनला!" मोतीबिंदू मलाच झालाय अशा नजरेने काकू माझ्याकडे बघत राहिल्या.

मी तसाच वर आलो. लाजेने कान तापले होते.

"आई, मला का नाही सांगितलंस?"

तिने आधी घड्याळ पाहिलं. साडेसात होऊन गेल्याची खात्री करून घेतली.

"सांगणार होते रे, तारीख परवाच ठरली. पण तुझं मौन सुटतं साडेसातला आणि खराडीची बस गाठायला तू निघतोस तेही साडेसातलाच. रात्री येतोस तेव्हा मी झोपलेली असते. मग सांगितलं काकूंना. त्यांच्याकडे अजून बोलायची परवानगी आहे."

तिला भीती वाटली असणार, आणि ती मी शिस्तीत बंद करून ठेवली होती. मी बूट काढले, बस जाऊ दिली आणि तिच्यासमोर बसलो.

"आता सांग."

आईने डोळ्यापासून सुरुवात केली नाही. दवाखान्यात नेणाऱ्या रिक्षावाल्यापासून केली, मग त्याची मुलगी, मग मुलीची परीक्षा. डोळ्यापर्यंत यायला तिला अर्धा तास लागला. मी मध्ये एकदाही बोललो नाही.