पोर्तुगालहून परतलेले साळवे

तीन आठवड्यांपूर्वी दुपारी निधनवार्तांचे कागद माझ्या टेबलावर आले. तिसऱ्या कागदावर मधुकर साळवे हे नाव होते. इंदिरानगर, निवृत्त कारकून, पश्चात पत्नी. मी मजकूर तपासला, शुद्धलेखनाची एक चूक दुरुस्त केली आणि कागद पुढे पाठवला. साळव्यांच्या बाबतीत एवढी काळजी मी आधी घेतली असती तर...

नव्वदच्या दशकाच्या अखेरीस मी आमच्या दैनिकाची रविवार पुरवणी पाहत होतो. विंचूरकडचे काही द्राक्ष बागायतदार तेव्हा वाइनचे तंत्र शिकायला स्पेन-पोर्तुगालला जाऊ लागले होते. त्यांनी जाण्याआधी काय वाचावे, असा लेख हवा होता. एका सरकारी कचेरीत काम करणाऱ्या साळव्यांनी तो टपालाने पाठवला. यादीत सहा पुस्तके होती आणि त्यांत हॉटेलांचे पत्ते देणारे एकही नव्हते. खलाशांच्या बायकांची पत्रे होती, पाककृती होत्या, स्पेनमधल्या एका मेंढपाळाच्या आठवणी होत्या आणि एक जुना पोर्तुगीज शब्दकोश होता. तो कशासाठी, हेही लिहिले होते. चावी, परात, पगार हे शब्द तिकडूनच आले. विंचूरच्या बाजारात कांद्याच्या लिलावाला उभा राहणारा शेतकरी नकळत पोर्तुगीज बोलत असतो, त्याने तिकडे बुजू नये. लिस्बनच्या चढावर गुडघे कुठे बोलू लागतात, तेसुद्धा होते. सोबतच्या चिठ्ठीत एवढेच होते: ‘पोर्तुगालहून कालच परतलो. उद्या स्पेनला निघतो.’

मी लेखाखाली छापले: लेखक नुकतेच पोर्तुगालहून परतले आहेत.

साळव्यांची बोलण्याची रीत मला नंतर कळली. एखाद्या देशावरचे पुस्तक उघडले की ते ‘निघाले’, मिटले की ‘परतले’. घरी कोणी आले तर त्यांच्या पत्नी शोभावहिनी दारातच सांगत, “हे स्पेनला गेलेत. बसा, चहापर्यंत येतील.” आतून साळव्यांचे हसणे ऐकू येई. प्रत्यक्षात ते मुंबईच्या पुढे कधी गेले नव्हते.

लेख छापून आल्यानंतरच्या गुरुवारी ते आमच्या कार्यालयात आले. हातात कचेरीची नोटीस होती. परवानगीविना परदेशप्रवास केल्याबद्दल खुलासा करावा, असे तीत म्हटले होते. त्यांची बढती तोंडावर आली होती.

“साहेब, माझ्याकडे पासपोर्टसुद्धा नाही,” ते म्हणाले. “न गेल्याचा दाखला कुठं मिळतो?”

पुरवणीत छापण्यासाठी मी त्यांच्यासमोर दोन ओळींचा खुलासा लिहिला, खाली सही केली, एक प्रत त्यांना दिली. रविवारच्या पानात ऐन वेळी जाहिरात आली आणि त्या दोन ओळी निघाल्या. पुढच्या रविवारी मी त्या विसरलो.

कचेरीतले प्रकरण काही महिन्यांनी मिटले. तोवर बढती दुसऱ्याला मिळाली होती. साळव्यांनी मला कधी बोल लावला नाही. भेटले की चहा पाजत. मी दोनदा लेख मागितला. दोन्ही वेळा म्हणाले, “सध्या इथंच असतो.”

गेल्या रविवारी मी इंदिरानगरला गेलो. नोटीस आल्यापासून हे कुठे गेलेच नाहीत, असे वहिनींनी सांगितले. पुस्तक मांडीवर असे, पान उलटत नसे. पाहुणा आला की वहिनी सवयीने तोंड उघडत... आणि पाणी आणायला आत वळत. खिडकीपाशी खुर्ची तशीच होती. शेजारी मेंढपाळाचे पुस्तक होते आणि खुणेला माझ्या अक्षरातला तो कागद. पान सेहेचाळीस. इतकी वर्षे सेहेचाळीस. कागद मी उचलून वाचला आणि त्याच पानात परत ठेवला. मजकूर असा: ‘श्री. मधुकर साळवे पोर्तुगालला गेले नव्हते. त्यांच्या लेखाखालील उल्लेख आमच्या चुकीने छापला गेला.’ तो आज छापून येत आहे.

मी उठणार तोच बेल वाजली. जुन्या पुस्तकांची बांधणी करणारे एक गृहस्थ दारात होते. त्यांना काही कळलेले नव्हते. साळवे आहेत का, त्यांनी विचारले. वहिनींनी एकदा खुर्चीकडे पाहिले.

“हे स्पेनला गेलेत,” त्या म्हणाल्या. पुढचे वाक्य त्या बोलल्या नाहीत.