चार कोपऱ्यांत चार आकाशं

दुसऱ्यांच्या चुका शोधणं हा माझा पोटापाण्याचा धंदा होता. इंग्लंडात ब्रॅकनेलमधल्या एका कंपनीत मी सॉफ्टवेअर टेस्टर होते, आणि प्रोग्रामर मंडळी माझ्याकडे ज्या नजरेने बघायची ती नजर एरवी सासूच्याच वाट्याला येते. त्यामुळे त्या सोमवारी माझ्या हातून जी चूक झाली, ती मला अजूनही पचलेली नाही.

दोन हजार सालानंतरची पहिली काही वर्षं. माझं वर्क परमिट चार महिन्यांत संपणार होतं. कंपनी ते वाढवून देणार होती, पण कोरियन क्लायंटने पुढचं काम दिलं तरच. नाही तर नवरा, सात वर्षांची मुलगी आणि मी, तिघांनी बोजाबिस्तरा गुंडाळून पुणं गाठायचं. मुलगी नुकती कुठे शाळेत रुळली होती, तिला एक जिवाभावाची मैत्रीण मिळाली होती. मला जायचं नव्हतं. पण हे चारचौघांत बोलायची सोय नव्हती, कारण 'आज ना उद्या परत जायचंच आहे' असं म्हणण्याची आमच्या मराठी मंडळींत रीत होती.

क्लायंटकडच्या एक वरिष्ठ बाई भेटीला येणार असं कळलं आणि आमच्या मॅनेजरला स्वागताचा उत्साह चढला. तो आधी हाँगकाँगच्या आमच्या सहकाऱ्याकडे गेला. "तो मध्ये यिन-यांगचा गोल असलेला झेंडा, तुमच्याच बाजूचा ना?"

"मधलं चिन्ह आम्हा चिन्यांचं, झेंडा कोरियाचा," सहकारी शांतपणे म्हणाला. "मंगोलियाच्या झेंड्यावरही ते आहे. चीनच्या झेंड्यावर चांदण्या आहेत आणि हाँगकाँगच्या झेंड्यावर फूल."

ज्यांच्या घरची वस्तू त्यांनी सोडून बाकीच्यांनी ती दारावर लावलेली, याचं मला हसू आलं. तसा सहकारी माझ्याकडे वळला. "तुमच्या झेंड्यावरच्या चक्राला आरे किती?"

"चोवीस," मी ताठ मानेने सांगितलं.

"आणि त्यांचा अर्थ?"

मला एकदम प्रिंटरवरून काहीतरी आणायचं आठवलं.

तिथेच मॅनेजरने मला गाठलं. "तुम्ही लोक ते पावडरचं काहीतरी करता ना जमिनीवर?" माझ्या टेबलावरच्या दिवाळीच्या फोटोत त्याने रांगोळी पाहिली होती. रांगोळीने कोरियाचा झेंडा काढून द्यायला मी हो म्हटलं. परमिटसाठी मी तेव्हा रिसेप्शनमध्ये कथकसुद्धा केलं असतं.

शनिवारी वेम्बलीला जाऊन ईलिंग रोडवरच्या भारतीय दुकानांतून पांढरी, लाल, निळी आणि काळी रांगोळी आणली. नमुना म्हणून मॅनेजरने झेंड्याचं चित्र ऑफिसच्या प्रिंटरवर छापून दिलं होतं. मध्ये लाल-निळा गोल, चार कोपऱ्यांत तीन-तीन काळ्या पट्ट्या आणि त्यांतल्या काही मधोमध तुटलेल्या.

मुलगी कागदावर वाकून म्हणाली, "आई, हे लाइन्स तुटला आहेत."

"ह्या रेघा तुटल्या आहेत," मी तिचं मराठी दुरुस्त केलं. "प्रिंटरची इंक संपत आली असेल."

"अगं, एकदा इंटरनेटवर चेक कर ना," नवरा म्हणाला.

"रांगोळी तू मला शिकवू नकोस," मी म्हटलं, आणि विषय संपला.

मला रांगोळी शिकवली आईने, आणि तिचा नियम एकच होता. रेघ तुटता कामा नये. चिमूट सैल पडून मध्ये फट राहिली की ती माझ्या मनगटावर टिचकी मारायची. तुटकी रेघ अशुभ, असं म्हणायची. सोमवारी सकाळी सातला मी रिसेप्शनच्या फरशीवर बसले आणि प्रिंटरने अर्धवट सोडलेल्या सगळ्या रेघा जोडून टाकल्या. चारही कोपऱ्यांत तीन-तीन अखंड, एकसारख्या पट्ट्या. मला माझंच कौतुक वाटलं. हेल्थ अँड सेफ्टीवाल्याने शेजारी 'घसरण्याचा धोका' अशी पिवळी पाटी आणून ठेवली, तीही मी मनाला लावून घेतली नाही.

साडेनऊला पाहुण्या आल्या. पन्नाशीच्या, राखाडी सूटमधल्या. त्या रांगोळीपाशी थांबल्या आणि चारही कोपरे एकेक करून बघत गेल्या. हाँगकाँगचा सहकारी माझ्या कानाशी पुटपुटला, "चार आकाशं. जमीन कुठाय?" मला काही कळलं नाही.

बाई सरळ खाली उकिडव्या बसल्या. "तीन अखंड रेघा म्हणजे आकाश," वरचा डावा कोपरा दाखवत त्या म्हणाल्या. "हे बरोबर आहे." मग खालच्या उजव्या कोपऱ्यातल्या तिन्ही पट्ट्या त्यांनी अंगठ्याने मधोमध पुसल्या. "ही जमीन. हे वर पाणी. आणि हा खाली विस्तव." मी त्यांच्याशेजारी बसून प्रत्येक फटीत पांढरी रांगोळी भरत गेले. लाजेने माझे कान तापले होते. आईचा नियम मी त्यांना सांगून टाकला, तर त्या खळखळून हसल्या.

"आमच्याकडे तुटलेलीच लागते," त्या म्हणाल्या. "शाळेत याच्यावरून मीही छडी खाल्ली आहे. इतकी सरळ रेघ हाताने काढायला कुठे शिकलात?"

"पुण्याला."

"पुण्यात आमचं अख्खं ऑफिस आहे!" मॅनेजर मागून म्हणाला. बाईंनी काळा अंगठा रुमालाला पुसून डायरी काढली. पुण्याचं स्पेलिंग त्यांना मीच सांगितलं.

तीन आठवड्यांनी मॅनेजरने मला मीटिंग रूममध्ये बोलावलं. काम मिळालं होतं. मी खुर्चीचा हात घट्ट धरला. सगळं काम पुण्याच्या टीमकडे जाणार, तो म्हणाला. तिकडे स्वस्त पडतं, आणि तिथल्या लोकांबद्दल बाईंना भरवसा वाटला तो माझ्यामुळे. तेव्हा परमिट वाढवायचा प्रश्नच उरला नाही. "यू आर गोइंग होम!" त्याला मनापासून आनंद झाला होता.

मी सवयीने थँक यू म्हटलं. मग मला रडू कोसळलं, काही केल्या आवरेना. त्याने टिश्यूचा बॉक्स माझ्यापुढे सरकवला आणि हळुवार आवाजात म्हणाला, "आज लवकर घरी जा. मुलीला सांग. किती खूश होईल ती."