टॅक्सची सूट आणि ज्वारीची पोती

धान्यकोठीवर चार माणसं बसली की धान्याच्या आधी किस्सेच गोळा होतात, हा माझा अनुभव! लातूर नुकतंच जिल्हा झालं होतं आणि पावसानं दडी मारली होती. आमच्या गल्लीतल्या अडत व्यापारी बसप्पाअण्णांनी आपलं गोदाम धान्यकोठीसाठी मोकळं केलं. ज्याच्याकडं जुनी ज्वारी आहे त्यानं आणून द्यावी, ज्याची चूल बंद आहे त्यानं न्यावी. फाटकी पोती शिवायला रशीदभाई टेलर. आणि मी टॅक्सचा वकील, म्हणून पावत्या फाडायला मी!

*

अण्णांनी मला न विचारताच हँडबिलं छापली: "धान्य द्या, टॅक्समध्ये सूट घ्या!"

औशाकडचे एक काका बैलगाडीत पोतं घालून आले. "सूट हाय म्हणं?"

मी म्हटलं, "काका, शेतीच्या उत्पन्नाला इन्कम टॅक्सच नाही. सूट कशातून देऊ?"

काका भडकले. "म्हंजी व्यापाऱ्यालाच सूट व्हय?"

"त्यांनाही नाही. सूट रोख देणगीला असते, धान्याला नसते."

काकांनी जरा विचार केला. "मंग सगळे सारखेच की! उतरा पोतं!"

*

तरी अण्णांना चैन पडेना. "इन्कम टॅक्स नाही तर नाही, देणाऱ्यांचा शेतसारा माफ करून घेऊ!"

आम्ही तिघं कलेक्टर कचेरीत गेलो. जिल्हा आला होता, खुर्च्या अजून यायच्या होत्या. साहेबांसकट सगळे उभे! साहेब म्हणाले, "अहो, दुष्काळामुळं साऱ्याची वसुली आधीच थांबलीय. माफ काय करू?"

रशीदभाईंनी हात जोडले. "साहब, एक बार चालू करो, फिर माफ करो!"

संध्याकाळी साहेबांच्या घरून गव्हाचं पोतं आलं. पावती नको म्हणाले.

*

मुखेडकडच्या गंगाबाई ज्वारीचं गाठोडं घेऊन एसटीत बसल्या. कंडक्टर लगेजचं तिकीट मागू लागला.

"दानाची ज्वारी हाय, तिकीट कशाचं?"

"मावशी, एसटीत दानाला सूट न्हाई!"

लातूर येईपर्यंत दोघं भांडत आले. शेवटी कंडक्टरच गाठोडं खांद्यावर घेऊन कोठीत शिरला. "लगेजचं तिकीट म्या भरलंय. पावतीवर माझं बी नाव टाका!"

मागून गंगाबाई ओरडल्या, "टाका! पर माझ्या खाली!"

*

उन्हाळा चढला तशी रांग वाढली. एका दुपारी रांगेत मला निलंग्याकडचे व्यंकटराव दिसले. दिवाळीत त्यांनी स्वतः पोतं आणून दिलं होतं. आता विहीर आटलेली, घरातली ज्वारी संपलेली. हातात रिकामी पिशवी, मान खाली. मी पावतीपुस्तक मिटून उठलो.

अण्णांनी पाहिलं आणि भर रांगेत आवाज चढवला, "काय हो व्यंकटराव! किती दिवस ठेवायचं तुमचं पोतं आमच्या गोदामात? जागा अडून राहिलीय. आजच्या आज न्या बरं!"

सगळ्यांनी वळून पाहिलं. रशीदभाईंनी भरलेलं पोतं आणून त्यांच्या पायाशी ठेवलं. व्यंकटरावांनी पोत्यावर हात ठेवला.

"हाव," ते हळूच म्हणाले, "न्यायचं राहूनच गेलं बघा."

मग ते खाली बसले. पोत्याचं तोंड सोडलं, हातातली पिशवी काठोकाठ भरली आणि रांगेत मागं उभ्या असलेल्या म्हातारीच्या हातात दिली.

"हे गोदामाचं भाडं, अण्णा," म्हणाले, आणि पोतं खांद्यावर टाकून चालू लागले.