गोपिकाबाईचा पाहुणा

आमच्या देवापुढच्या समईत तेल जायचं ते गोपिकाबाईच्या घाणीचं. नागपूरच्या लकडगंजात लाकडाच्या टालांमागे, वखारींमागे, तिचं बुटकं कौलारू घर होतं आणि घराला लागून घाणीची पडवी. तीळ मी घरी निवडून न्यायची, ती माझ्यासमोर घाणीत टाकायची. मशीनचं तेल झटपट मिळतं हे मलाही ठाऊक होतं. पण देवाचं तेल डोळ्यांदेखत गाळलेलं असावं, हा सासूबाईंचा नेम.

एकाहत्तरच्या उन्हाळ्यात तिचा नवरा नत्थूजी गेला. मूलबाळ नव्हतं. पुढच्या थंडीत घाणीचा म्हातारा बैलही बसला तो उठला नाही. मी तीळ घेऊन गेले तर घाणीच्या तोंडावर तिनं परात पालथी घातलेली.

"तीळ वापस न्या बाई. मालक नाही, बैल नाही. आता घाणी का मी वढू?"

दीर आनंदराव नरखेडकडचे, संत्र्याच्या बागेचे धनी. ते आले आणि म्हणाले, "वयनी, जागा इकून टाकू. तुम्ही आमच्याकडं चला. एका माणसाचं जेवण का जड आहे आमाले?" माणूस वाईट नव्हता. पण गोपिकाबाई माझ्याजवळ रडली. "तिथं माह्यावाचून कोणाचं काय अडलं आहे? कोपऱ्यात बसून दुसऱ्याच्या ताटाकडं पाहू का?" शेवटी तिनं दिराकडून मुदत मागितली. पोळ्यापर्यंत घाणी फिरली तर ती इथंच राहणार, नाहीतर मुकाट्यानं नरखेडला जाणार.

बैल मिळाला तो असा. उमरेडकडचे मधुकरराव गुरांसाठी तिच्याकडून ढेप, म्हणजे तिळाची पेंड, न्यायचे. त्यांची बिजल्या-हरण्याची जोडी शंकरपटात, म्हणजे बैलांच्या शर्यतीत, नावाजलेली. पण पळताना उडालेलं ढेकूळ लागून बिजल्याचा एक डोळा गेला, मग दुसऱ्यात फूल पडलं. हरण्या दुसऱ्या गावी नव्या जोडीदाराकडे गेला. बिजल्या गोठ्यात उभा राहिला. त्याला कसायाच्या हाती देववेना, म्हणून मधुकरराव त्याला गाडीमागे बांधून घेऊन आले.

"घाणीच्या बैलाचे डोळे तर तुम्ही बांधताच ना बाई? याचे देवानं बांधले. फक्त याच्याजवळ मोठ्यानं हुर्र करू नका, अजूनही पळाले पाहते."

ते निघून गेले. बैल कितीतरी वेळ गाडीच्या आवाजाकडे कान करून उभा होता.

दुसऱ्या दिवशी मी गेले तर गोपिकाबाई त्याच्या डोळ्यांवर झापड बांधत होती. मला हसू आलं. "अहो, आंधळ्याला कशाला झापड?"

"रीत आहे बाई. यायनं कधी झापडीबिगर बैल जुपला नाही."

नत्थूजी जे करायचा ते सगळं ती तसंच करत होती. तो बैलाच्या डाव्या अंगानं, बाहेरून, कासरा धरून चालायचा. तीही तशीच चालायची. पण बिजल्या चारदोन पावलं टाकायचा आणि उजवीकडे, आतल्या बाजूला, रेटत जायचा. घाणीचं आडवं लाकूड अंगाला घासलं की थांबायचा आणि हंबरायचा. ते हंबरणं ऐकवत नसे. मी रामरक्षा पुटपुटत परत यायची.

टालावरच्या गड्यांना मात्र करमणूक झाली.

"काहो गोपिकाबाई, शर्यत कधी आहे?"

"तुह्या लग्नात आहे. ये गा नाचाले!"

उत्तर द्यायची, पण आवाजात जोर नसायचा. श्रावण सरत आला. तिनं भांडी बांधायला काढली.

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी खांदशेकणी असते. बैलाचे खांदे पळसाच्या पानानं, हळद-लोणी लावून शेकतात आणि त्याला जेवणाचं आवतन देतात. आमच्या घरी बैल नाही, म्हणून दरवर्षी लोण्याची वाटी घेऊन मी तिच्याकडे जायची, तशी गेले. आनंदराव आधीच येऊन खाटेवर बसले होते. दाराशी तिची पेटी होती.

तिनं झापड सोडली, बैल धुतला. डावा खांदा शेकला तर तो अंग चोरून सरकला. मग ती उजवीकडे गेली. तिचा हात त्याच्या बरगडीवर थांबला.

"बाई, पाहा तर. इथले केस कसे झिजले!"

एवढं म्हणेपर्यंत बिजल्यानं आपलं सगळं ओझं तिच्या अंगावर टाकलं, लांब उसासा सोडला आणि एक पाऊल पुढं टाकलं. ती त्याच्या खांद्याला खांदा लावून सरकली. तो आणखी चालला. तिला चिकटून, न अडखळता, थेट अंगणाच्या टोकापर्यंत.

"अवं माय! हा जोडीतला डावा बैल व्हय. हरण्या याच्या उजव्या अंगाले राहे. मी डावीकडून चालून राहिली अन् हा बिचारा तिकडं त्याले शोधून राहिला!"

आनंदराव उठून उभे राहिले. "मग जुपा ना वयनी. आत्ताच्या आत्ता दिसून जाईल."

मलाही वाटलं, जुपावा. सगळं त्यावरच तर होतं. पण गोपिकाबाईनं बैलाच्या कानाशी तोंड नेलं आणि ठरलेले शब्द म्हटले, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." मग दिराकडे वळली. "खांदा शेकला, आवतन दिलं. आता याच्या मानेवर जू ठेवू का? उद्याही नाही. मुदत सरली तर सरली."

आनंदरावांनी खूप वेळ तंबाखू मळली. "तुमचं आपलं काहीतरीच," म्हणाले, पण राहिले. पोळ्याला त्यांनी स्वतः बिजल्याच्या शिंगांना बेगड लावली.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबतीची, इडापिडा घेऊन जाणाऱ्या पुतळ्यांची, मिरवणूक. सारं नागपूर रस्त्यावर, "घेऊन जा गे मारबत" असा गलका. मी तीळ घेऊन गल्लीबोळांतून गेले. पडवीत घाणी करकरत होती. बैलाच्या डोळ्यांवर झापड नव्हती. गोपिकाबाई घाणी आणि बैल यांच्यामधल्या अरुंद जागेत, त्याच्या उजव्या अंगाला चिकटून चालत होती. उजव्या हाताला देव ठेवून प्रदक्षिणा घालावी तशी दोघं फिरत होती. आनंदराव उंबऱ्यावर बसून पाहत होते.

"वयनी, तुम्ही थांबल्या की तोही थांबते. असं कुठंवर चालान?"

"पाय आहेत तोवर."

त्यांनी पेटी उचलून आत नेऊन ठेवली आणि दुपारच्या एस.टी.नं गेले.

गोपिकाबाई तिच्या घरात राहिली. पण त्यानंतर ती कुठं गेलीही नाही. पूर्वी माझ्यासोबत कीर्तनाला यायची, ते सुटलं. तिच्या पायाखाली पडवीत बैलाच्या वाटेशेजारी एक दुसरी, अरुंद वाट पडली. मी तेल घेऊन निघाले की मागून करकर ऐकू यायची आणि तिचं हळू आवाजातलं बोलणं. काय बोलायची, ते मी कधी थांबून ऐकलं नाही.

पुढच्या पोळ्याला मीच म्हटलं, "उद्या आमच्याकडे जेवायला या. एकटीसाठी पुरण कशाला घालता?"

ती पळसाच्या पानानं खांदा शेकत होती. बिजल्या डोळे मिटून तिच्यावर रेलला होता.

"कशी येऊ बाई? घरी पाहुणा आहे."