गवतावर वाळवलेले पायजमे

दुसऱ्यांच्या चादरी धुणाऱ्या माणसाला दुसऱ्यांबद्दल फारसा आदर उरत नाही. नीळबाईंना तर मुळीच नव्हता. नोकरी करणाऱ्या मुलींच्या वसतिगृहामागच्या मोरीत बसून त्या एकेक चादर झटकत आणि निकाल देत. "ही डोक्याला तेल थापून झोपते. ही अंथरुणात खाते. आणि ही मेली पाय धूत नाही." अभ्र्यांवर लाळेचे पिवळे डाग, टॉवेलात केसांचे ओले पुंजके, चादरीच्या शिवणीत कापलेली नखं. "बाहेर बघा, कशा पऱ्या! आणि इथं बघा."

कपड्यांना नीळ देऊन देऊन त्यांच्या बोटांची टोकं निळसर पडली होती, म्हणून मुली त्यांना नीळबाई म्हणत. नवरा गेल्यापासून त्या बंबाशेजारच्या खोलीत राहत. काम होतं म्हणून खोली होती.

दोरीवर त्यांचा विश्वास नव्हता. "दोरीवर कपडा नुसता कोरडा होतो, पांढरा होत नाही." आवाराच्या भिंतीपलीकडे मोकळा प्लॉट होता, गुडघाभर गवताचा. चादरी, पायजमे, सगळं त्या तिथे पसरत. रात्रीचं दव, सकाळचं कोवळं ऊन, की घडी. इस्त्रीची गरज नाही. पांढरेपणा असा की नवी मुलगी राहायला आली की मालकीणबाई, म्हणजे सगळ्यांच्या काकू, आधी चादर दाखवत आणि मग खोली.

मग मुली खाजवायला लागल्या. कमरेला नाडीच्या रेषेत, गुडघ्यामागे, मोज्याच्या कडेला तांबड्या गाठी. काहींच्या टोकाला पाण्याचा फोड. जेवणाच्या टेबलावर एका हाताने घास आणि दुसरा हात टेबलाखाली. एकीने खाजवून फोड फोडले, त्यात पू झाला, आणि त्याचा चिकट डाग नीळबाईंच्या चादरीवर आला. त्यांनी ती दोनदा उकळली.

"ढेकूण," काकू म्हणाल्या. "दोघी सामान बांधून बसल्यात. हे थांबलं नाही तर कपडे लाँड्रीत जातील, नीळबाई. आणि खोलीचंही मग बघावं लागेल."

नीळबाई हात धुऊन ढेकणांच्या मागे लागल्या. गाद्यांच्या शिवणी उसवल्या, खाटांच्या सांध्यात उकळतं पाणी ओतलं. निघालं काय? बिस्किटांचा चुरा, केस आणि वाळलेलं झुरळ. ढेकूण एकही नाही. ढेकूण असता तर चादरीवर रक्ताचे ठिपके राहिले असते, आणि नीळबाईंच्या नजरेतून ठिपका सुटत नाही. हे त्यांना पहिल्या दिवसापासून कळत होतं. बोलल्या मात्र नाहीत. कारण त्यांच्याही कमरेभोवती तशाच गाठी होत्या.

हे कुणाला सांगायचं? जन्मभर दुसऱ्यांची घाण काढली आणि आता आपल्याच अंगाला किडे? कुणीतरी एकदा सांगितलं होतं की किडा कातडीत शिरतो, नखांचा रंग लावला की गुदमरून मरतो. ज्या बाईने आयुष्यात नखं रंगवली नाहीत तिने बाजारातून लालभडक बाटली आणली आणि दार लावून कमरेला ठिपके दिले.

वरच्या मजल्यावरच्या नर्सने ते पाहिलं. ओली चादर उचलताना नीळबाईंचं झंपर वर सरकलं होतं.

"मावशी, हे काय? कंबर कशाला रंगवलीत?"

"तुला काय करायचंय?"

"बघू तरी."

"हात लावू नकोस. किडा आहे आत."

"आत काही नाही," नर्स वाकून बघत म्हणाली. "तो केव्हाच गळून पडलाय. तुम्ही गेलेल्या पाहुण्याला रंग लावताय. कपडे कुठे वाळवता?"

काकूंच्या स्वयंपाकघरातला काळा ट्रे घेऊन नर्स भिंतीपलीकडे गेली आणि तो गवतात उभा रोवला. थोड्या वेळाने तिने काकूंना आणि नीळबाईंना बोलावलं. काळ्या पत्र्यावर शेंदरी ठिपके वर चढत होते. सुईच्या टोकाएवढे, पण चालणारे.

"ई! माझा ट्रे!" काकू किंचाळल्या.

"गोचिडीच्या गोतातली पिल्लं," नर्स म्हणाली. "गवताच्या शेंड्यावर बसतात, कपड्याला चिकटतात. घट्ट नाडी दिसली की तिथे थांबतात. रक्त पीत नाहीत. लाळ सोडतात, कातडी विरघळवतात आणि ती पेज पितात. खाज उशिरा सुटते, तोवर ती निघून गेलेली असतात."

नीळबाईंनी तोंडाला पदर लावला. घरभर किडे त्यांच्या घड्यांतून गेले होते.

नर्सने रंग पुसायला लावला. गवतातून आल्यावर साबणाने घासून अंघोळ, अंगावरचे कपडे गरम पाण्यात. गाठींवर गार पट्टी, मग कॅलामाइन. नखं कापून टाका, खाजवू नका. "आणि ताप आला किंवा चावल्या जागी काळी खपली धरली, तर घरगुती उपाय नकोत. सरळ दवाखाना."

"मुलींना ढेकूणच सांगू," काकू म्हणाल्या. "गेले म्हणू."

"आणि ताप आला तर ढेकणाचं औषध घेतील? मी खरं सांगणार."

तिने सांगितलं. त्या संध्याकाळी जेवण कुणालाच गेलं नाही. काकूंनी प्लॉटमधलं गवत जमिनीलगत कापून घेतलं, आवारात तारा बांधल्या. खाज थांबली, बांधलेलं सामान सुटलं. चादरी लाँड्रीत देण्याचा विषय काकूंनी पुन्हा काढला नाही, म्हणजे खोली राहिली. पण पायजमे मुली आता नीळबाईंना देईनात. बाथरूममध्ये आपले आपण खळबळत आणि तारेवर टाकत.

तारेवर ते करडे, साबण न निघालेले, बुडाशी मळकट पायजमे चादरींच्या शेजारी टपटपत. नीळबाई त्यांच्याकडे पाठ करून काम करत. एका सकाळी मात्र त्यांनी एक पायजमा दोन बोटांनी काढला, हुंगला, "शी!" म्हणाल्या आणि बंबाच्या उकळत्या पाण्यात बुडवला.

"कुणी सांगितलं तुम्हाला?" वरून त्याची मालकीण ओरडली.

"कुणी नाही," नीळबाई वर न बघता म्हणाल्या. "माझ्या चादरीला घासत होता."