किरणच्या टेबलावरची जॉयस्टिक

किरण गेल्याचं मला धामणकर नाक्यावर कळलं. शेअर रिक्षा भरायची वाट बघत बसलो होतो. कॉलेजातला एक जण शेजारी येऊन बसला आणि म्हणाला, "कळलं ना, आपला किरण गेला? कावीळ झाली होती. पंधरा दिवसांत आटपलं सगळं." अशा वेळी माणसाचे डोळे भरून येतात म्हणे. माझ्या मनात पहिल्यांदा आलं ते हे, की सुटला लेकाचा. आमचं भांडण अर्धवट टाकून, मला शेवटचं बोलू न देता सुटला... तोंडाने मात्र "अरेरे" म्हटलं आणि टेमघरला घराशी उतरलो.

आम्ही दोघं एका वर्गातले. कॉम्प्युटरचं वेड दोघांनाही सारखंच. त्या वेळी इंटरनेटवर एक लायब्ररी होती, म्हणजे पुस्तकांची नव्हे, प्रोग्रॅमची. जगभरातली माणसं ती फुकट लिहायची आणि गेम बनवणारे ती फुकट वापरायचे. जॉयस्टिक कॉम्प्युटरला जोडली की कोणतं बटण दाबलं, स्टिक कुठे झुकली, हे ओळखायचं काम त्या लायब्ररीचं. ते ती कधी कधी चुकीचं ओळखायची. डावीकडे दाबलं की गाडी उजवीकडे. या चुका शोधायच्या आणि दुरुस्त करून पाठवायच्या, हा आमचा उद्योग. "याचे पैशे किती भेटतात?" असं माझे वडील विचारायचे आणि उत्तर ऐकून कपाळाला हात लावायचे.

किरणच्या घराखाली त्यांचे स्वतःचे लूम, म्हणजे कापड विणायचे यंत्रमाग, होते, वर घर. मी त्याच्याकडे जायचो तो शुक्रवारी. शुक्रवारी लूमला सुट्टी, त्यामुळे न ओरडता बोलता यायचं. बाकीच्या दिवशी त्या घरात माणसं खुणांनीच बोलायची. त्याच्या आईच्या हातच्या तांदळाच्या भाकऱ्या आणि सुकटीची चटणी खाऊन आम्ही त्याच्या टेबलाशी बसायचो. जुनी जॉयस्टिक, स्प्रिंग सैल झालेली. पण आमच्या दृष्टीने तीच प्रयोगशाळा.

ठिणगी त्याने टाकली, हे आधी सांगतो. तो माझ्यापेक्षा लवकर वर चढला. लोकांनी पाठवलेल्या दुरुस्त्या तपासायचा अधिकार त्याला मिळाला. आणि माझी एक दुरुस्ती त्याने परत पाठवली, सगळ्या जगासमोर, "कामचलाऊ" असा शेरा मारून. नाक्यावर भेटून सांगितलं असतं तर काय बिघडलं असतं? ते मी गाठीला बांधून ठेवलं. माणूस म्हणून मी फार मोठा नाही, आणि आज त्याच्यावर लिहिताना तसा आव आणायची इच्छाही नाही.

संधी वर्षभरात आली. स्टिक मधोमध सोडली तरी थोडी हलते, तेवढं हलणं "हललीच नाही" असं धरावं लागतं. किती धरायचं, हा प्रश्न. किरणने त्यासाठी फार मोठा आकडा ठेवला. परदेशातल्या लोकांच्या तक्रारी आल्या, की हलक्या हाताने वळवलं तर गाडी वळतच नाही. किरण म्हणाला, "माझ्याकडची स्टिक हात न लावता हलते. मी मोजलंय." मी पुढच्या शुक्रवारी त्याच्याकडे जाऊन बसलो. तासभर स्टिककडे बघितलं. ढिम्म हलली नाही.

"काल हलत होती," तो म्हणाला.

"मी नसलो की भूत येतं वाटतं तुझ्याकडे?"

घरी आलो आणि जगाला लिहून कळवलं, की मी या माणसाच्या टेबलाशी स्वतः बसून आलोय, याचे आकडे बनावट आहेत. बनावट. दुसरे दहा शब्द होते, मी तोच निवडला. त्याचं काम काढून टाकलं, माझा आकडा लागला, त्याचं नावही प्रोग्रॅमच्या त्या भागावरून गेलं. त्याने एकच ओळ लिहिली, "मी पाहिलं तेच मोजलं." त्यानंतर त्याने लिहिणं सोडलं. मी त्या दिवशी घरात सगळ्यांना आइस्क्रीम आणलं. तीन वर्षं आम्ही एकमेकांना नाक्यावर बघत होतो आणि मान फिरवत होतो.

तेराव्यानंतर एका मंगळवारी मी त्याच्या घरी गेलो. खाली लूम चालू होते. जिन्यात माझ्या पायांना त्यांची थरथर लागत होती, तरी डोक्यात प्रकाश पडला नाही. त्याची आई म्हणाली, "तुला आता रस्ता सापडला व्हय, प्रमोद." ती मला त्याच्या खोलीत घेऊन गेली. कॉम्प्युटर तसाच होता. मी चालू केला, स्टिक जोडली, हात मागे घेतले. स्टिक कुठे झुकली ते दाखवणारी पडद्यावरची फुली थरथरत होती. टेबल भिंतीला ठोकलेलं, भिंतीखाली लूम. ती फुली एक क्षण स्वस्थ नव्हती. जन्मापासून त्या थरथरीत झोपलेल्या पोराला ती जाणवलीच नव्हती, आणि मी जायचो शुक्रवारी, तेव्हा ती नसायची.

"त्याला हे कळलं होतं का, काकी?" मी तिच्या कानाशी ओरडून विचारलं.

"कललं ना. तुमचं वाजलं, त्याच्या दुसऱ्या म्हयन्यात. खालचं मशीन बंद करून बघितलं, चालू करून बघितलं. मंग एकटाच हसत बसला."

"मला का नाही सांगितलं?"

"म्हनायचा, तो येल तवा दाखवीन. मी न्हाय जानार बोलवाला."

म्हणजे जवळजवळ तीन वर्षं पुरावा हातात घेऊन तो माझी वाट बघत होता. मी पायरी चढून येईन, त्या खुर्चीत बसेन, आणि तो मागे उभा राहून माझा चेहरा बघेल... सूड कसा घ्यावा, हे मला त्याच्याकडून शिकायला हवं होतं. आणि रिक्षेने वीस मिनिटांच्या अंतरावर राहून मी गेलो नाही.

मी लायब्ररीवाल्यांना लिहिलं. किरणचे आकडे खरे होते, बनावट शब्द माझा होता, त्याचं नाव परत लावा. त्यांनी लावलं. आता ज्याच्या त्याच्या टेबलाप्रमाणे आकडा बदलता येतो, ते काम मी केलं आणि त्याच्या नावावर टाकलं. लोक याला मोठेपणा म्हणतात. मला त्यांच्या तोंडाकडे बघवत नाही.

पण त्यालाही मी माफ केलेलं नाही. जिंकला होतास ना, मग यायचं होतं टेमघरला, दार वाजवायचं होतं आणि चार माणसांत माझं तोंड काळं करायचं होतं. त्या मंगळवारी शिफ्ट बदलेपर्यंत मी त्याच्या खुर्चीत बसून राहिलो, फुलीकडे बघत, पुरता हरलेला. आणि बघायला मागे फक्त त्याची आई उभी होती.