हिरवं स्थळ

माझ्या लॅपटॉपचा पडदा फुटला तेव्हा बाबांनी गावातल्या लष्कर बाजारातल्या एका दुकानातून जुना मॉनिटर आणला. निमित्त माझ्या कामाचं, खरं कारण रविवारचं स्थळ. मुलगा पुण्याचा, बघण्याचा कार्यक्रम व्हिडिओ कॉलवर, आणि मोबाईलच्या एवढ्याशा पडद्यावर सगळ्यांना जावई दिसणार कसा? माझी अट एकच होती. मुलाशी समोरासमोर बोलल्याशिवाय मी होकार देणार नाही.

मॉनिटर लावला आणि सगळं जग हिरवट झालं. तपासायला म्हणून चुलतबहिणीच्या लग्नाचा फोटो उघडला, तर तिचा लाल शालू काळा आणि भटजी आजारी. दुकानदार फोनवर म्हणाला, "हमारे यहाँ तो एकदम ठीक चल रहा था." बाबांनी जुन्या टीव्हीच्या सवयीने मॉनिटरच्या पाठीत थापा घातल्या, तसं चित्र थरथरायला लागलं. मी सेटिंग उघडली, तर मेन्यू चिनी भाषेत. अंदाजाने बटणं दाबली आणि नवरानवरी पडद्याच्या कडेला जाऊन बसली. त्यांना परत मधे आणण्यात माझी सकाळ गेली.

शेवटी वैतागून वायर हिसडली आणि क्षणभर शालू लाल झाला. दोष वायरीच्या मानेत होता, आणि वायर मॉनिटरला जन्मापासून चिकटलेली, बदलता येण्यासारखी नव्हती. रबरबँड लावलं, चिकटपट्टी गुंडाळली, आईने कपड्यांचा चिमटा दिला. कशालाच लाल रंग दाद देईना. माझ्या अंगठ्याने खालून दाबून जरा डावीकडे वळवलं की मात्र निमूट येई. आत्याने दाबून पाहिलं, तर सगळंच गेलं.

त्यामुळे रविवारी मी नवी साडी नेसून टेबलामागे उकिडवी बसले. मोठ्यांचं बोलणं होईपर्यंत वायर धरायची, मग समोर यायचं, असं ठरलं होतं. मी समोर आल्यावर वायर कोण धरणार, हे कोणालाच सुचलं नव्हतं. मला तरी कुठे सुचलं होतं!

"दाबून धर हं," आई म्हणाली, "सोडलंस तर मुलगा हिरवा होऊन जाईल."

कॅमेरा बाजूच्या लॅपटॉपचा आणि सगळे बघतायत मॉनिटरकडे, म्हणजे पुणेकरांना आमच्या घरच्यांचे नुसते कान दिसत असणार. आम्ही पिढ्यान्पिढ्या हिंदी मुलखात राहिलेले, त्यामुळे पुणेकरांशी शुद्ध मराठी बोलायचं म्हणून बाबा आधीच दबून होते. दुसऱ्याच वाक्यात ते म्हणाले, "इकडे गर्मी फार पडून राहिली आहे." आत्या वाकून माझ्या कानात पुटपुटली की मुलगा गोरा आहे, नाक सरळ आहे. मला मात्र मॉनिटरची मागची जाळी आणि तिच्यातली कोणा परक्या घरची धूळ दिसत होती. अंगठा बधिर झाला होता आणि मला मनापासून रडू येत होतं. माझं लग्न ठरत होतं आणि एकट्या मलाच मुलगा दिसत नव्हता.

मग मुलाने विचारलं, मुलगी कुठे आहे? आई म्हणाली, येतेच आहे. थोड्या वेळाने त्याने पुन्हा विचारलं, आई पुन्हा तेच म्हणाली. तिसऱ्यांदा मात्र मीच टेबलामागून बोलले, की मी इथेच आहे, वायर धरून बसले आहे, सोडली तर तुम्ही हिरवे दिसाल.

तिकडे कोणीतरी खोकलं. आत्याने कपाळाला हात लावला असणार, बांगड्या वाजल्या.

"मग सोडा ती वायर," तो म्हणाला. "मी हिरवा चालेन. तुम्ही समोर या."

मी सोडली. पायाला मुंग्या आल्या होत्या, टेबलाला धरतच उठले आणि पुढे आले. पडद्यावर पालकाच्या भाजीच्या रंगाचा एक माणूस हसत बसला होता. आम्ही बराच वेळ बोललो. आत्या मधून मधून पुण्याला सांगत होती की मघाशी तो चांगला गोरा होता.

कॉल संपल्यावर आईने घाबरत विचारलं, कसा वाटला?

"हिरवा आहे," मी म्हटलं. "पण हो कळवून टाक."